सुनीती-घर

१

माझी बायको सुनीती जाऊन तिसरा आठवडा चालू होता. मंगळवारी सकाळी तिच्या ऑफिसातला राज आमच्या दारात उभा राहिला.

मला वाटलं, समाचाराला आलाय. मी त्याला आत घेतलं. त्यानं बूट काढले आणि सवयीनं हात जोडायला बैठकीतल्या कोपऱ्याकडे वळला. कोपरा रिकामा होता. मी सांगितलं की सुतकात घरच्या देवांची पूजा करता येत नाही, म्हणून सुनीतीची मैत्रीण सुलक्षणा देवघर मिल्टन कीन्सला तिच्या घरी घेऊन गेली. तेरावं झालं, पण मी ते परत आणलेलं नाही. राज "बरं" म्हणाला आणि सोफ्याच्या कडेला बसला.

मी चहा ठेवला. आमच्याकडे किटली लावायची तर आधी भिंतीवरचं बटण दाबावं लागतं. वापर नसेल तर कुठलंच बटण चालू राहायचं नाही, ही माझी शिस्त. विजेची बिलं बघितली की कुणालाही पटेल.

चहा आणेपर्यंत राज फोनकडे बघत होता. मग त्यानं तो माझ्यापुढे धरला.

"काका, कसं सांगू कळत नाही. काकूंच्या नावानं आज सकाळीसुद्धा नोंदी आल्यात."

पडद्यावर आकड्यांच्या ओळी होत्या. त्यातल्या तीन ओळींपुढे 'सुनीती-घर' असं नाव होतं आणि त्यापुढे आजची तारीख.

मी कप खाली ठेवला. का कोण जाणे, मी जिन्याकडे पाहिलं.

राज सांगत होता की 'सुनीती-घर' ही एक किल्ली आहे, म्हणजे सहीच म्हणा. ही सही फक्त एका यंत्रातून होते, आणि ते यंत्र काकूंनी घरी ठेवलं होतं. त्या गेल्या त्या आठवड्यात ते बंद पडलं. मग पुन्हा सुरू झालं. म्हणजे कुणीतरी ते वापरतंय.

ते यंत्र मला माहीत होतं. साबणाच्या वडीएवढी काळी डबी. ती आली त्या दिवशी सुनीतीनं देवापुढे ठेवून तिला कुंकवाचं बोट लावलं होतं. आमच्याकडे नवी वस्तू आधी देवाला दाखवतात, मग वापरतात. नंतर ती वरच्या लहान खोलीत टेबलावर असायची.

आम्ही वर गेलो. टेबलावर तिचा चष्मा होता, हाताला लावायचं क्रीम होतं, गार पडू नये म्हणून ती खांद्यावर घ्यायची ती शाल खुर्चीवर होती.

डबी नव्हती.

२

सुनीती काय काम करायची हे मला तिनंच एकदा नीट सांगितलं होतं. मी इथे, रीडिंग या इंग्लिश गावात, बस चालवायचो. गेल्या वर्षी निवृत्त झालो. म्हणून तिनं बसच्या भाषेत सांगितलं.

त्यांची कंपनी औषधांच्या पेट्यांचा माग ठेवणारी व्यवस्था बनवत होती. इन्सुलिनची पेटी कारखान्यातून निघाली की एक नोंद, गोदामात पोहोचली की एक नोंद, दवाखान्याच्या दारात एक नोंद. ही नोंद एका ठिकाणी न राहता हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी उतरते, त्यामुळे मागाहून कुणाला खाडाखोड करता येत नाही. याला ब्लॉकचेन म्हणतात. अशी नेटवर्कं बरीच असतात. कंपनीला त्यातलं एक निवडायचं होतं, आणि कुठलं वेगवान आणि कुठलं भरवशाचं हे तपासून लिहायचं काम सुनीतीकडे होतं. नेटवर्कांची खरी नावं माझ्या लक्षात राहायची नाहीत, म्हणून ती माझ्यापुढे त्यांना जलद, संथ आणि नवीन म्हणायची.

"जलद म्हणजे तुमची ती एक्स्प्रेस बस," ती म्हणाली होती. "आली तर दोन मिनिटांत पोहोचवते. पण कधीकधी येतच नाही. संथ हळू जाते, पण येते. आता पेटी दारात उभी आहे आणि नोंद आल्याशिवाय दार उघडत नाही. तुम्ही कुठली बस धराल?"

मी म्हणालो होतो, संथ. तिला उत्तर आवडलं होतं.

राजनं तोच अहवाल आता माझ्यासमोर ठेवला. ऑफिसातल्या यंत्रावर जी चाचणी झाली तिच्यात जलद एकदाही चुकलेलं नव्हतं. सुनीतीच्या घरच्या चाचणीत ते बऱ्याचदा चुकलं होतं. तेच नेटवर्क, तेच दिवस, आणि निकाल उलटे. तिनं लिहिलं होतं की ऑफिसचे आकडे धरू नयेत, घरचे धरावेत. त्याचा पुरावा त्या डबीत होता, आणि तो तिनं ऑफिसात पोहोचवण्याआधीच ती गेली. सकाळी ट्रेनसाठी निघाली, फाटकाशी खाली बसली, आणि उठली नाही.

"ज्यांना ही व्यवस्था विकायची ते विचारतायत, हे आकडे आले कुठून," राज म्हणाला. "मी काय दाखवू? डबी नाही. त्यात किल्ली चोराच्या हातात. शुक्रवारी मला ती किल्ली बंद करावी लागेल. आणि लिहावं लागेल की घरच्या चाचणीला आधार नाही."

"आधार नाही म्हणजे?"

तो कार्पेटकडे बघत राहिला. "लोक त्याचा अर्थ लावतील, काका."

अर्थ मलाही लागला. सुनीतीनं आकडे मनानं लिहिले, असा. आमच्या घरात दुधाचा हिशेब चुकला तर ती पुन्हा दुकानात जायची, आपल्याकडे जास्त सुटे आले म्हणून. मी राजला दारापर्यंत पोहोचवलं आणि हॅरोला फोन लावला.

३

मीनाक्षीताई म्हणजे सुनीतीची थोरली बहीण. डॉक्टर. माणूस कशानं गेलं हे शोधायचं खातं असतं इस्पितळात, तिथे त्यांनी आयुष्य काढलं. आता निवृत्त आहेत. हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीनं निघाल्या, पॅडिंग्टनला रीडिंगची ट्रेन धरली, आणि दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून बघायला लागल्या.

"जेवता की नुसते टोस्ट?"

"जेवतो."

"हे कसलं जेवता ते दिसतंय, नंदूराव. बसा. पहिल्यापासून सांगा. आणि तुम्हाला काय वाटलं ते सांगू नका, काय झालं ते सांगा."

मी सांगितलं. ब्लॉकचेन म्हणजे काय हे त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी वेगळं सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या की राहू दे, रक्त कसं बनतं ते माहीत नसतानाही रक्त तपासता येतं.

मग त्यांनी विचित्रच प्रश्न विचारला. सुनीती तुमच्यावर कशावरून चिडायची?

मला रागच आला. डबी चोरीला गेलीय आणि ही बाई आमची भांडणं विचारतेय. पण थोरल्या मेहुणीला उलट बोलायची मला सवय नाही. सांगितलं, की बटणांवरून. रात्री झोपताना मी घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करतो. डबी आली तेव्हा तीही बंद व्हायची. सकाळी सुनीती वरून ओरडायची, "अहो, रात्रभराची चाचणी गेली." तिनं बटणावर कागद चिकटवला. पण हात सवयीनं जायचाच.

"मग?"

"मग काही नाही. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिनं बोलायचं सोडलं. कंटाळली असेल."

"सुनीती कंटाळली," मीनाक्षीताई म्हणाल्या. आणि उघडा डबा पुन्हा झाकून ठेवला.

मी विचारलं की यातून काय कळलं. त्या म्हणाल्या, अजून काही नाही. तिच्याबरोबर काम करणारं दुसरं कोण होतं?

४

दुसरं म्हणजे नील. याच गावात जन्मलेला, तिशीतला, त्याचे आईवडील आमच्या ओळखीचे. ऑफिसातली चाचणी त्यानं चालवली होती. बुधवारी दुपारी आम्ही त्याला स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटलो. मीनाक्षीताईंनी आपल्या पर्समधून चकलीची पुडी काढून टेबलावर ठेवली, दुकानातली मुलगी बघत असतानाच.

नीलचा चेहरा उतरलेला होता. सुनीतीला तो मावशी म्हणायचा.

"मावशीचा मशीन मी घेतला नाही, काका. ऑनेस्टली. राजला वाटते मी घेतला, कारण मावशीची रिपोर्ट माझ्या टेस्टला राँग म्हणतो."

मीनाक्षीताईंनी त्याला चकली दिली आणि विचारलं की त्या नोंदी येतात केव्हा. दिवसभर येतात का? नील म्हणाला की तेच तर वियर्ड आहे. डबी चालू असली तर दर पाव तासाला आपोआप तीन नोंदी पाठवते, प्रत्येक नेटवर्कला एक. पण आता त्या फक्त सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येतात. मध्ये काहीच नाही. जसं कुणी ती थोडा वेळ लावतो आणि बंद करतो. रविवारी सकाळची नोंद उशिरा येते.

"नोकरी करणारा चोर," मी म्हणालो. "कामाला जायच्या आधी आणि आल्यावर."

"आणि रविवारी उशिरा उठणारा," मीनाक्षीताई म्हणाल्या. "ती डबी आहे कुठे हे कळत नाही का? मोबाइल कळतो ना."

नीलनं मान हलवली. डबीत सिम होतं, पण ते मावशीनं स्वतः दुकानातून घेतलेलं. नंबर कुणाकडेच नाही.

मग त्यांनी त्याला त्याच्या स्वतःच्या चाचणीबद्दल विचारलं. जलद एकदाही चुकलं नाही, ते कसं? नील उत्साहानं सांगू लागला. नोंद पाठवायची, ती नेटवर्कवर उतरली की किती सेकंद लागले ते मोजायचं.

"आणि उतरलीच नाही तर?"

"तर प्रोग्राम परत पाठवतो."

"आणि सेकंद कुठून मोजतो? पहिल्या वेळेपासून की दुसऱ्या?"

नील म्हणाला, "दुसऱ्या. कारण पहिली तर चेनवर नाहीच ना. जी लँड झाली नाही तिला टाइम कसा करणार?"

मीनाक्षीताईंनी कप बाजूला सारला. "बाळा, आमच्याकडे नव्या औषधाची परीक्षा घेतात. समजा, मेलेले पेशंट मी मोजलेच नाहीत. म्हटलं, हे तर आता नाहीतच, यांचा ताप कसा मोजणार. मग माझं औषध किती चांगलं?"

त्यानं हातातली चकली खाली ठेवली. मला पुरतं कळलं नव्हतं, पण त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं की त्याला कळलंय.

"तुला कुणी असं करायला सांगितलं?"

"नाही. सगळे असाच करतात." मग हळूच म्हणाला, "मावशीनं मला विचारला होता. मी म्हटलं, नंतर बघू."

आम्ही उठलो तेव्हा त्यानं माझी बाही धरली. त्याला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. अंत्यविधीच्या दिवशी सगळे आमच्या घरी होते तेव्हा राज एकटाच वर गेला होता. बराच वेळ तो वरून आला नव्हता.

५

मीनाक्षीताईंना मी म्हणालो की झालं, चोर सापडला. आपण चोर आणि आपणच बोंब मारतोय. त्या म्हणाल्या, घरी बोलवा त्याला.

राज संध्याकाळी आला. मी ताडकन विचारून टाकलं. त्यानं नाकारलं नाही. वर गेलो होतो म्हणाला. बाथरूममध्ये नळ सोडून रडत होतो. त्याला या देशात पहिली नोकरी सुनीतीनं लावून दिली होती, हे मला माहीत नव्हतं. लहान खोलीचं दार उघडं होतं म्हणून त्यानं आत डोकावलं. डबी तेव्हाही टेबलावर नव्हती.

"तेव्हा का नाही बोललास?"

"कुठल्या तोंडानं? पुढे तुम्ही बसला होतात."

मीनाक्षीताईंनी त्याला नीलचं सगळं सांगितलं. ऑफिसच्या चाचणीत न पोहोचलेल्या नोंदी मोजल्याच नाहीत. सुनीतीनं मोजल्या. भांडण एवढंच आहे.

राजला ते पटलं. पटल्यामुळे तो जास्तच दुःखी झाला. म्हणाला की नेटवर्कवर फक्त पोहोचलेल्या नोंदी दिसतात. पाठवली आणि पोहोचली नाही, तिचा मागमूस जगात कुठेच नसतो. तो फक्त पाठवणाऱ्याकडे असतो. नीलनं तो ठेवला नाही. राहिली डबी. ती नसेल तर काकू खऱ्या होत्या हे दाखवायला काहीच नाही.

"आणि डबी मिळाली तरी," तो म्हणाला आणि थांबला.

"बोल," मीनाक्षीताई म्हणाल्या.

"काकू ऑफिसात हसत सांगायच्या की घरी हे सगळी बटणं बंद करतात. समोरचे लोक पहिलं हेच विचारतील. नोंद निघाली, आणि पोहोचायच्या आत घरातली वीज गेली. मग चुकलं कोण? नेटवर्क की," त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, "की बटण?"

मी माझ्या हाताकडे बघत बसलो. सुनीती खोटं बोलली नव्हती हे मला माहीत होतं. पण ती चुकली असेल, आणि माझ्याच हातानं चुकली असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

६

गुरुवारी दुपारी मीनाक्षीताईंनी मला घरभर फिरवलं.

"रात्री जसे फिरता तसे फिरा. बोलू नका."

मी फिरलो. स्वयंपाकघर, बैठक, जिना, वरच्या खोल्या. प्रत्येक बटणाला हात लावला. त्या मागून चालत होत्या. शेवटी पुन्हा बैठकीत आलो आणि त्या सोफ्यावर बसल्या.

"एक राहिलं," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, काही राहिलं नाही. त्यांनी रिकाम्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे खाली भिंतीत प्लगची जागा होती, आणि तिचं बटण चालू होतं. त्यात काही लावलेलं नसताना चालू होतं.

"ते देवघराचं," मी म्हणालो. "देवापुढच्या दिव्याचं. ते मी कधी बंद करत नाही."

"कधीच?"

"देवाचा दिवा कुणी बंद करतं का?"

"हे सुनीतीला माहीत होतं?"

मी त्या रिकाम्या कोपऱ्यापाशी खाली बसलो.

मीनाक्षीताई सावकाश बोलल्या. माझी बहीण कंटाळणारी नव्हती. तिला अखंड वीज हवी होती. नवऱ्याशी ती भांडली, कागद चिकटवला, उपयोग झाला नाही. मग ती गप्प झाली. सुनीती गप्प होते ती काम झाल्यावर. या घरात एकच बटण आहे ज्याला तुमचा हात लागत नाही. पाडव्याला देवघर पुसायला काढलं असणार, तेव्हाच तिनं डबी देवघराच्या मागे लावली आणि दिव्याच्या वायरला जोडली. म्हणून राजला अंत्यविधीच्या दिवशी टेबल रिकामं दिसलं. टेबल पाडव्यापासून रिकामंच होतं. तुम्ही त्या खोलीत जाऊन फक्त बटण बंद करायचात, टेबल कधी बघितलंत?

"पण मग आता नोंदी कोण पाठवतंय?"

"तुमच्या चोराचं वर्णन पुन्हा करा."

मी केलं. सकाळी थोडा वेळ. संध्याकाळी थोडा वेळ. रविवारी जरा उशिरा.

"हे पूजेचं वेळापत्रक आहे की काय," मी म्हणालो, आणि मग मलाच ते ऐकू आलं.

मी सुलक्षणाला फोन करायला उठलो. मीनाक्षीताईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "सांगाल, आणि ती घाबरून सगळ्या वायरी ओढून काढेल. गाडी काढा."

७

मिल्टन कीन्सला मी जन्मात कधी सरळ पोहोचलो नाही. तिथे सगळे चौक गोल, आणि सगळे सारखे. बस चालवणारा माणूस असून मी एका गोल चौकाला दोन फेऱ्या मारल्या. मीनाक्षीताई म्हणाल्या, आपण प्रदक्षिणा नंतर घालू, आधी देव तर दिसू देत.

सुलक्षणा तिथल्या शाळेच्या ऑफिसात काम करते. नुकतीच घरी आली होती. आम्हाला दारात बघून तिला वाटलं आम्ही देव न्यायला आलो.

"या ना, भाऊजी. दिवा लावायचीच वेळ झालीय. हात धुऊन घ्या."

मीनाक्षीताईंनी मला खूण केली की गप्प बसा. आम्ही तिच्या बैठकीत उभे राहिलो. आमचं देवघर तिनं खिडकीशेजारी ठेवलं होतं. लाकडी, छोटं, हातात उचलून नेता येईल असं. खालून पांढरी एक्स्टेन्शनची वायर निघून भिंतीपर्यंत गेली होती. ती वायर आमचीच होती. सुलक्षणानं देवघर उचललं तेव्हा प्लग भिंतीतून काढला आणि वायरीसकट सगळं गाडीत ठेवलं होतं.

तिनं भिंतीवरचं बटण दाबलं. देवापुढचा छोटा दिवा लागला. तिनं उदबत्ती लावली, हात जोडले. मी हात जोडले नाहीत. मी देवघराच्या मागे बघत होतो.

"सुलक्षणा," मीनाक्षीताई म्हणाल्या, "आरती झाली की बटण बंद करतेस?"

"हो. का? तुमच्याकडे चालू ठेवतात का? मला कुणी सांगितलंच नाही. काही चुकलं का?"

मी नीलला फोन लावला. तो ऑफिसातच होता. काही न सांगता विचारलं की आत्ता काही येतंय का.

थोडा वेळ कीबोर्डचा आवाज आला. मग तो म्हणाला, "काका, सुनीती-घर. आत्ता. तीन. तुम्ही कुठे आहात?"

मीनाक्षीताईंनी देवघर हळूच पुढे ओढलं. मागच्या फळीला केसांना बांधायच्या दोन रबरांनी ती डबी बांधलेली होती. एका कोपऱ्यात हिरवा ठिपका लुकलुकत होता. वर कुंकवाचा डाग सुकून काळपट झाला होता.

मी सुलक्षणाला थोडक्यात सगळं सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला. "म्हणजे तुम्ही ज्या चोराला शोधत होतात तो मी?"

"तूच," मीनाक्षीताई म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ, नियमानं. आता चोरानं चहा टाकावा."

सुलक्षणा हसायला लागली आणि मग रडायला लागली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

८

डबी आम्ही चालूच राहू दिली. नील त्याच संध्याकाळी मिल्टन कीन्सला आला, त्याच्यामागून राज. नीलनं आपला लॅपटॉप जोडला. सुलक्षणाच्या बैठकीत आम्ही सगळे गोल करून बसलो होतो, आणि मला एकच गोष्ट हवी होती. मी ती विचारली. बटणाचं काय?

नीलनं पडदा माझ्याकडे वळवला. ओळीच ओळी होत्या. पाडव्याआधीच्या दिवसांत रात्री मोठी रिकामी जागा दिसत होती. ती मी. पाडव्यानंतर रिकामी जागा नव्हती. दर पाव तासाला नोंद गेली होती, रात्रंदिवस, सुनीती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत. त्या दिवशी सुलक्षणानं प्लग काढला. आणि सुनीतीनं अहवालात पाडव्यानंतरचेच आकडे घेतले होते. आधीचे सगळे सोडून दिले होते.

"तिला माहीत होतं," मीनाक्षीताई म्हणाल्या. "तुम्हाला तिनं कधीच मोजलं नाही, नंदूराव."

राजला तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्याला समोरच्या लोकांना उत्तर द्यायचं होतं. वीज कधी क्षणभर गेली नसेल कशावरून? मीनाक्षीताईंनी त्याला विचारलं की डबीला वायर किती. एक. नेटवर्कं किती. वीज गेली तर काय होईल?

राज पडद्याजवळ गेला. त्यानं बोट ठेवून एकेक चुकलेली नोंद बघितली. प्रत्येक ठिकाणी जलदची नोंद पोहोचली नव्हती. आणि त्याच क्षणी, त्याच डबीतून, त्याच सिममधून पाठवलेली संथची नोंद पोहोचली होती. हळू, पण पोहोचली होती. वीज गेली असती तर दोन्ही गेल्या असत्या.

"बस आलीच नाही," मी म्हणालो. "रस्ता चालू होता."

राजनं माझ्याकडे बघून मान हलवली. मग तो नीलला म्हणाला की ऑफिसची चाचणी तू चुकीची केलीस. नील म्हणाला हो. राज म्हणाला की आणि निकाल इतका चांगला कसा, हे मी तुला विचारलं नाही. मला तोच निकाल हवा होता. हे बोलताना तो कुणाकडेच बघत नव्हता.

शुक्रवारी त्यानं समोरच्या लोकांना लिहिलं की घरच्या चाचणीचे आकडे बरोबर आहेत आणि ऑफिसचे मागे घेतले आहेत. अहवालावर सुनीतीचं नाव आहे. कंपनीनं नेटवर्कची निवड तूर्त थांबवली आहे. सही करणारी किल्ली राजला नियमाप्रमाणे बंद करावीच लागली. बंद करायच्या आधी त्यानं मला फोन करून विचारलं, मी हो म्हणालो. आता 'सुनीती-घर' या नावानं काही येत नाही.

मला अजूनही ब्लॉकचेन नीट कळलेलं नाही. हजार ठिकाणी लिहिलेली गोष्ट पुसता येत नाही, एवढं कळलं. पण जे पोहोचलंच नाही ते कुठेच लिहिलेलं नसतं, आणि ते कुणीतरी आपल्याकडे जपून ठेवावं लागतं, हे मला विचित्र वाटतं. मीनाक्षीताई म्हणतात, फार विचार करू नका, जेवा.

अहवालात तीन नेटवर्कांची तीन पानं आहेत. जलद आणि संथ यांची पानं भरलेली आहेत. तिसरं, ज्याला ती नवीन म्हणायची, ते तिनं शेवटच्या आठवड्यातच जोडलं होतं. त्या पानावर तिनं एकच ओळ लिहिली आहे, की इतक्या थोड्या दिवसांवरून काही म्हणता येणार नाही, निदान एक महिना बघायला हवं. नीलनं विचारलं की जेवढं आहे त्यावरून अंदाजानं पान भरू का. मी नको म्हणालो.

नवीनची महिनाभराची चाचणी व्हायची राहिली आहे. ती अजून कुणी सुरू केलेली नाही.